छत्री काढायची का?

"आता सगळं मोबाईलवर दिसतं, मग घरावरची छत्री कशाला ठेवायची?" असं गटाच्या बैठकीत हल्ली विचारलं जातं. चला, आज आपण हिशोब मांडू.

टीव्हीचं प्रक्षेपण पावसासारखं असतं. उपग्रहावरून एकदाच खाली येतं. एका घराने झेललं काय नि लाख घरांनी झेललं काय, कमी पडत नाही. इंटरनेट नळाच्या पाण्यासारखं. प्रत्येक फोनला वेगळी धार लागते. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की धार बारीक होते आणि चित्र अडकतं.

आता खर्च. दूरदर्शनची फ्री डिश २००४ साली सुरू झाली. छत्री आणि सेट टॉप बॉक्स एकदा घेतला की महिन्याचा रिचार्ज नाही. मोबाईलवर साधं चित्र तासभर पाहिलं तरी साधारण अर्धा जीबी जातो. म्हणजे दिवसाचा दीड जीबी तीन तासांत संपला.

मोबाईलचेही गुण आहेत. शिवणकामाचा धडा थांबवून पुन्हा बघता येतो, वीज गेली तरी काही वेळ चालतो. पण घरातला एकुलता फोन मालकाच्या नाहीतर पोराच्या खिशातून बाहेर जातो. टीव्ही घरीच राहतो. सासूबाई, लेकी, आपण मिळून बघतो.

इंटरनेट वाढणारच. पण फोन आणि रिचार्जचे पैसे आपल्या हातात येईपर्यंत छत्री काढायची घाई नको. आधी स्वतःच्या फोनचं बघू या.