संगमरवराला दही का चालत नाही?

वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर काळा बेसाल्ट, घरांच्या भिंतींत तांबडा जांभा. संगमरवर इथला नाहीच. तरी जवळच्या हेदवीत दशभुज गणेशाची शुभ्र मूर्ती संगमरवरी आहे. ती काश्मीरहून आली असे सांगतात. आज आपल्याकडच्या पुष्कळ संगमरवरी मूर्ती जयपूरला घडतात, बराच दगड मकराण्याचा.

चुनखडक भूगर्भातल्या उष्णतेने आणि दाबाने नव्याने स्फटिकरूप झाला की संगमरवर होतो. त्यातल्या कॅल्साइटची कठिणता मोहस् मापनात फक्त 3. पोलादी छिन्नी त्याहून कठीण, म्हणून पापणीची कड, बोटांमधली फट इतकी बारीक उतरते. कारागीर आधी दगडावर हातोडी मारून ऐकतो. खणखणीत नाद आला तर दगड एकसंध. बद्द आवाज आला तर आत चीर. मग छिन्नी, कानस आणि शेवटी पाणी घालून कितीतरी वेळ घासणे. मला या घासण्याचे मोल सर्वांत मोठे वाटते. गुळगुळीत झालेल्या दगडात प्रकाश किंचित आत शिरून विखुरतो, आणि देवाचा चेहरा सजीव भासतो.

पण कॅल्साइट आम्लात विरघळते. दही, लिंबू लागले की झिलई जाते. म्हणून घरच्या संगमरवरी मूर्तीवर पंचामृत नकोच. अभिषेक सुपारीवर करावा, तशी रीत आहेच. मूर्ती ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी.