उंबरातील कीटक-परागण व फलविकास

उंबर (सं. उदुंबर, जंतुफल, हिं. गूलर, लॅ. फायकस रॅसिमोजा, कुल–मोरेसी) या वृक्षाचे ज्याला फळ म्हणतात, तो वस्तुतः मांसल, पोकळ व आतील बाजूस असंख्य सूक्ष्म फुले धारण करणारा कुंभासनी फुलोरा होय. फुले बाहेरून दिसत नसल्यामुळेच ‘उंबराचे फूल’ हा क्वचित दर्शन देणाऱ्या माणसाविषयीचा वाक्प्रचार रूढ झाला. पूर्णेच्या खोऱ्यात, मूर्तिजापूर (जि. अकोला) व आसपासच्या भागात, उंबर फोडले की उडणारी केंबरे सर्वांच्या परिचयाची आहेत. ती फळाला लागलेली कीड होय, अशी समजूत आढळते. परंतु त्यांतील एका जातीचे कीटक आत न शिरल्यास उंबर बहुधा पिकण्यापूर्वीच गळून पडते.

ही जात म्हणजे सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स (गण–हायमेनॉप्टेरा) होय. कोवळ्या उंबराच्या विशिष्ट गंधाने आकर्षित झालेली मादी टोकाच्या छिद्रातील छदांमधून आत घुसते. त्या खटाटोपात तिचे पंख तुटतात. वक्षावरील खिशांत आणलेले पराग ती पायांनी किंजल्कांवर टाकते आणि काही फुलांच्या किंजपुटांत अंडी घालून तेथेच मरते. परागण झालेल्या फुलांत बी धरते. अंडे घातलेल्या फुलाची गाठ बनून तीत अळी वाढते. काही आठवड्यांनी पंखहीन नर प्रथम बाहेर येतात, गाठीतील माद्यांशी संयोग करतात आणि भित्तीला भोक पाडतात. तोवर पुं-पुष्पे पक्व झालेली असतात. त्यांचे पराग घेऊन माद्या उडून जातात.

या घटनाक्रमाचे नियंत्रण वनस्पतीच्या हॉर्मोनांकडून होते. त्यासंबंधीचे बरेच ज्ञान अंजिराच्या (फा. कॅरिका) अभ्यासातून मिळाले. स्मर्ना प्रकारच्या अंजिरास परागण आवश्यक असल्याने कॅलिफोर्नियात १८९९ मध्ये त्याचा कीटक मुद्दाम आणून स्थिर करण्यात आला. पुढे १९५० ते १९६५ या काळात तेथील प्रयोगांत परागण न झालेल्या अंजिरांवर प्रथम ऑक्सिन वर्गातील द्रव्ये, नंतर जिबरेलीन व शेवटी सायटोकायनीन वापरली असता फळे गळली नाहीत, उलट वाढून पिकली. परागणानंतर वाढणारे बी एरवी ज्या हॉर्मोनांचा पुरवठा करते, ती बाहेरून दिली तरी कार्य साधते, हा त्याचा अर्थ. पुणे जिल्ह्यातील पुरंदर भागातल्या अंजिरात परागणावाचून फळ वाढते (अनिषेकफलन). म्हणून तेथे कीटकाची गरज पडत नाही.

गाठीही फळ टिकवून धरू शकतात. उंबराचा आफ्रिकी आप्त असलेल्या फा. सिकोमोरस या वृक्षाचा खरा परागणकर्ता ईजिप्तमध्ये नाही. तेथे सिकोफागा सिकोमोरी हा केवळ गाठी निर्माण करणारा कीटक आत शिरतो. फळे बीजरहित राहतात, पण वाढतात. तथापि गाठी आहेत म्हणून वृक्ष फळ पोसतोच असे नव्हे. पनामातील फायकस जातींवरील २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, जेथे कीटक हेतुतः परागण करतो अशा जातींत, परागरहित माद्या शिरलेली फळे वृक्षाने अधिक प्रमाणात गाळली. फुकट राहणाऱ्या पाहुण्याला वृक्षाने केलेला हा दंडच म्हणावा लागेल.

पिकण्याच्या अवस्थेत एथिलीन हा वायुरूप हॉर्मोन प्रधान ठरतो. सिकोमोरसची कच्ची फळे चाकूने चिरण्याची प्राचीन प्रथा त्यावरच आधारलेली आहे : जखमेमुळे एथिलिनाची निर्मिती वाढते व फळ तीन-चार दिवसांत पिकते. पिंपळाच्या (फा. रिलिजिओसा) फळांत १९७३ साली याहून सूक्ष्म व्यवस्था दिसून आली. बंद फळातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असते. त्यात नर चपळ, तर माद्या निष्क्रिय असतात. नरांनी भोक पाडताच हा वायू बाहेर जातो, माद्या हालचाल करू लागतात आणि त्यानंतर फळ मऊ होऊन पिकते. पक्षी व वटवाघळे ते खातात तेव्हा बहुतेक माद्या निघून गेलेल्या असतात.

प्रौढ मादीचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे असते आणि तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतील दुसरे उंबर गाठावे लागते. वाऱ्यावर हे कीटक फार दूर जातात. नामिबियात सिकोमोरसच्या कीटकांनी सु. १६० किमी.पर्यंत पराग वाहून नेल्याचे २००९ मध्ये आढळले. बांधावरच्या एकाकी उंबरालाही फळे धरू शकतात, ती यामुळेच. सिंगापूर येथील चार जातींच्या कीटकांवरील प्रयोगांत (२०१३) तापमान ३° से. वा अधिक वाढल्यास त्यांचे आयुष्य बरेच घटते, असे दिसले. विषुववृत्तीय प्रदेशातील हा निष्कर्ष वऱ्हाडास जसाच्या तसा लावता येणार नाही. मात्र अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५° से.च्या वर जातो, आणि अशा दिवसांत दोन उंबरांमधील अंतर जितके अधिक, तितकी मादी वाटेत मरण्याची शक्यता अधिक असते.