तंजावरचा सरस्वती महाल आणि पोथी पाहण्याची दृष्टी

तंजावरला जाणाऱ्या मराठी प्रवाशाचे पहिले लक्ष बृहदीश्वराच्या शिखराकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे, हे समजल्यावर तो तेथेच अधिक रेंगाळतो. तेथून राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात जाण्यास पुष्कळांना वेळ उरत नाही. जे जातात, तेही काचेच्या पेट्यांतील चित्रे पाहून अर्ध्या घटकेत बाहेर पडतात. ह्या भांडाराकडे कसे पाहावे, ह्याविषयी आमच्या शिक्षकबंधूंपुढे चार गोष्टी ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते.

ह्या संग्रहाचा प्रारंभ नायक राजांच्या काळी झाला. व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तंजावर घेतल्यावर तो भोसल्यांकडे आला आणि वाढत गेला. पण आज आपण ज्याला सरस्वती महाल म्हणतो, तो मुख्यतः दुसऱ्या सरफोजी राजांच्या व्यासंगाचे फळ होय. तुळजा राजांचे हे दत्तक पुत्र. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि दुसऱ्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे राहिला तो किल्ला, नेमणूक आणि मोकळा वेळ. अशा स्थितीत शिकारीत व नाचरंगात दिवस घालविणारे संस्थानिक थोडे नव्हते. सरफोजींनी ग्रंथ जमविले. १८२० मध्ये निघालेल्या काशीयात्रेतही पोथ्या मिळविण्याचा त्यांचा उद्योग चालू होता. युरोपातून त्यांनी हजारो छापील पुस्तके आणविली. त्यांतील कित्येकांवर त्यांची इंग्रजी स्वाक्षरी आजही दिसते. जॉन्सनचा इंग्रजी कोश आणि आयुर्वेदाची पोथी एकाच माणसाच्या हाताखाली असावी, हे चित्र त्या काळी विरळाच होते.

ह्याच राजांच्या आश्रयाने तंजावरात देवनागरी टंकांचा छापखाना निघाला आणि १८०६ साली त्यातून ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापनीतीच्या कथांचे मराठी पुस्तक बाहेर पडले. श्रीरामपूरला कॅरी ह्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले, त्याच्या अगदी लगतचीच ही घटना आहे. मराठी मुद्रणाचा इतिहास शिकविताना आम्ही मुंबई-पुण्यापासून आरंभ करतो. तंजावर तळटीपेत जाते. हा क्रम बदलावयास हवा.

आता पोथ्यांकडे वळू. येथील हस्तलिखितांत फार मोठा भाग संस्कृताचा आहे. मराठीची संख्या तीन हजारांहून अधिक आहे. शिवाय तमिळ व तेलुगू पोथ्या आहेतच. संस्कृत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे देवनागरी येते. परंतु येथील कित्येक संस्कृत ग्रंथ ताडपत्रावर ग्रंथ लिपीत आहेत. ताडपत्रावर अक्षर लिहीत नाहीत, कोरतात. लोखंडी लेखणीने पानाच्या वरच्या पापुद्र्यावर रेघ उठवायची, मग काजळी चोळून पान पुसून घ्यायचे, म्हणजे कोरलेल्या खाचेत काळे राहते आणि अक्षर उठून दिसते. पानाला भोक पाडून दोरी ओवतात आणि वरखाली लाकडी फळ्या लावतात. दाक्षिणात्य लिप्यांत वळणे जास्त आणि सरळ आडवी रेघ कमी; ताडपत्राच्या शिरांवर आडवी रेघ ओढली तर पान चिरते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

कागदी पोथीची तऱ्हा वेगळी. सुटी पाने, दोन्ही बाजूंस समास, आणि चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप. ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो; त्याचा मूळ रंग प्रत्यक्ष पाहावयाचा असेल तर अशा पोथीचे एखादे पान निरखावे. शिष्यांना व्याकरणाच्या दहा तासांत जे सांगता येत नाही, ते ह्या एका पिवळ्या डागाने कळते.

मराठी पोथ्यांत नाटकांचे स्थान विशेष आहे. शहाजी राजांनी (१६८४ ते १७१२) स्वतः नाटके रचली, आणि त्यांच्या दरबारात मराठी, तेलुगू, संस्कृत ह्यांचा संसार एकत्र चालला होता. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतील प्रयोगापासून मराठी रंगभूमीचा जन्म मोजणाऱ्यांनी ही नाटके एकदा तरी चाळावीत. ती लोकांपर्यंत पोहोचली नाहीत, म्हणून भाव्यांचा मान कमी होत नाही. पण जन्मतारीख मात्र वादाची ठरते.

ह्याहून मोठा प्रश्न मोडी कागदांचा. तंजावरच्या राजवाड्याचे दप्तर मोडीत आहे: खर्चाच्या याद्या, कारखान्यांचे हिशेब, देवळांच्या नेमणुका. ते तमिळनाडूत आहे, भाषा मराठी आहे, आणि वाचणारे दोन्हीकडे विरळ. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील काही कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले, ह्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी असावे. परंतु आपल्याच भाषेचे कागद आपल्याला तमिळातून समजून घ्यावे लागावेत, ही स्थिती आम्हांस खटकते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून शिकविली जात होती. ती पिढी आता उरली नाही.

१८५५ मध्ये शिवाजी राजे निपुत्रिक वारले आणि तंजावरचे संस्थान खालसा झाले. तरीही संग्रह टिकला. बर्नेल ह्या विद्वान न्यायाधीशांनी केलेली संस्कृत पोथ्यांची वर्गीकृत सूची १८८० मध्ये लंडनला छापली गेली. १९१८ साली ग्रंथालय लोकांस खुले झाले. पुढे वर्णनात्मक सूचीचे अनेक खंड निघाले. तंजावरला जाण्यापूर्वी ह्या सूची चाळून, आपल्याला कोणती पोथी पाहावयाची हे टिपून न्यावे आणि आगाऊ पत्राने परवानगी मागावी. बरोबर मोडी वाचणारा एखादा विद्यार्थी असेल, तर त्यास मुद्दाम न्यावे.