हात स्थिर, सराव चालू

वडीलधाऱ्यांना नोटा मोजताना रोज पाहणारा मुलगा एके दिवशी स्वतः बंडल हाती घेतो, तेव्हा त्याची बोटे अगदीच अनभिज्ञ नसतात. मनातल्या मनात त्याने त्या नोटा अनेकदा मोजलेल्या असतात. अशा मानसिक सरावाला खरोखर काही मोल आहे काय?

मेंदूतज्ज्ञ अल्व्हारो पास्क्वाल-लिओने व त्यांच्या सहकाऱ्यांचा या विषयावरील प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. पियानो न शिकलेल्या व्यक्तींना एका हाताच्या पाच बोटांनी वाजवावयाची साधी सुरावट देण्यात आली. एका गटाने पाच दिवस, रोज दोन तास, ती प्रत्यक्ष वाजविली. दुसरा गट तितकाच वेळ पियानोपुढे बसला, परंतु बोटे न हलविता. प्रत्येक स्वर त्याने केवळ मनाने वाजविला. पाचव्या दिवशी या दुसऱ्या गटाची प्रगती पहिल्या गटाच्या तिसऱ्या दिवसाइतकी भरली. बोटांचे नियमन करणारा मेंदूतील भाग दोन्ही गटांत विस्तारलेला आढळला. पुढे दुसऱ्या गटाला दोन तासांचा प्रत्यक्ष सराव मिळाला आणि त्याने पहिल्या गटाची बरोबरी साधली.

व्यवहार जाणणाऱ्यांच्या नजरेतून ते शेवटचे दोन तास सुटणार नाहीत. ‘मनात आणा, म्हणजे मिळेल’ असे सांगत फिरणारे व्याख्याते ते दोन तास सोयीस्करपणे विसरतात.

१९९२ साली यू आणि कोल या संशोधकांनी करंगळीवर असाच प्रयोग केला. चार आठवड्यांच्या प्रत्यक्ष व्यायामाने करंगळीची शक्ती सुमारे ३० टक्के वाढली, तर केवळ कल्पनेने सुमारे २२ टक्के. स्नायूंना तर श्रम पडलेच नव्हते. बळकट झाली होती ती मेंदूकडून निघणारी आज्ञा, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मात्र ही कल्पना चित्रपट पाहिल्यासारखी असून भागत नाही. हालचाल आपणच करीत आहोत, बोटाखाली पट्टी दबत आहे, असे आतून जाणवावे लागते. जी क्रिया नीट पाहिलेली वा केलेली नाही, तिचे मनातील रूपही चुकीचेच असणार. म्हणून प्रथम गुरू हवा.

या ज्ञानाचा खरा उपयोग पक्षाघाताने हात लुळा पडलेल्यांसाठी आहे. घरातील कर्ता पुरुष अंथरुणावर पडला की, ‘आता हात हलेपर्यंत करण्यासारखे काही नाही’ असे घरचे समजून चालतात. फिजिओथेरपीला अशा मानसिक सरावाची जोड दिल्यास हाताच्या कामात सुधारणा होण्यास मदत होते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. तज्ज्ञ शांत आवाजात सांगत जातात आणि रुग्ण डोळे मिटून ऐकतो: हात पुढे जात आहे, बोटे पेल्याभोवती मिटत आहेत, पेल्याचा थंडावा जाणवत आहे, पेला ओठांशी येत आहे. त्यानंतर डोळे उघडून तोच पेला, जमेल तितका, प्रत्यक्ष उचलावयाचा.