अवजल जातं कुठे?

कोयना धरणाचं तांत्रिक वर्ष 1 जूनला सुरू होतं. सातारा-सांगलीच्या वर्तमानपत्रांत त्या सुमारास सरत्या वर्षाचा ताळेबंद छापून येतो: पाणी किती आलं, सिंचनासाठी पूर्वेला किती सोडलं, विजेसाठी पश्चिमेला किती गेलं. सांगलीकराची नजर पूर्वेच्या रकान्यावर खिळते. 2005, 2019 आणि 2021 चे पूर अंगावर घेतलेल्या माणसाला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी तोंडपाठ असते. पश्चिमेच्या रकान्यातल्या पाण्याचं पुढे काय झालं, हे मात्र साठ वर्षांत आपण फारसं विचारलं नाही.

1962 मध्ये पोफळीच्या वीजगृहातली जनित्रं फिरू लागली आणि पाटण तालुक्यातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरलं. 1976 मध्ये कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. 105.25 टीएमसीच्या धरणाला हा आकडा लहान नाही. प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी 1999 मध्ये आणि पुन्हा 2012 मध्ये जलाशयाच्या तळाशी स्फोट करून ‘लेक टॅपिंग’ झालं, त्याचं कौतुकही झालं. वीज झाल्यावर उरलेल्या पाण्याला मात्र आपण ‘अवजल’ म्हणून मोकळे झालो.

हे अवजल वाशिष्ठीत पडतं, चिपळूणजवळ भरतीच्या पाण्याला भेटतं आणि दाभोळच्या खाडीने समुद्राला मिळतं. या खाडीकाठी सुकतीला चिखल उघडा पडतो. नीट वाकून पाहिलं तर त्यावर तांबूस-सोनेरी साय दिसते. ते डायाटम, डोळ्यांना एकेकटे न दिसणारे शेवाळ. ऊन मिळालं की वर येतात, भरती चढण्याआधी पुन्हा चिखलात शिरतात. त्यांच्यावर किडे आणि शिंपले जगतात, त्यांच्यावर मासे आणि पाखरं. खाडीचं खरं शेत ते हेच.

हे शेत गणितात मांडता येतं. नेदरलँड्स-जर्मनीच्या सीमेवरच्या एम्स खाडीचं असं मॉडेल 1988 मध्ये ग्रंथरूपाने आलं. खाडीचे कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्यात पाणी, क्षार, गाळ, शेवाळ, शिंपले यांची आवक-जावक लिहायची. चिखलाला तिथे स्वतंत्र खातं मिळालं. आपल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातही नद्यांची आणि भरती-ओहोटीची मॉडेलं चालतात.

वाशिष्ठीचं मॉडेल मांडणाऱ्याला एक जादा अडचण येईल. कोकणातल्या बहुतेक खाड्या पावसाळा सरला की खारावत जातात. इथे ऐन वैशाखातही वरून गोडं पाणी येतं. उधाणाला खारं पाणी जोर करून वर चढतं, भांगाला गोड्या पाण्याचं फावतं. त्यात संध्याकाळी राज्याची विजेची मागणी वाढली, की कोयनेची जनित्रं चालू होतात. म्हणजे या खाडीला घड्याळं दोन: एक चंद्राचं, दुसरं कळव्याच्या भार प्रेषण केंद्राचं. चिखलातल्या डायाटमला पहिलं ठाऊक आहे.

पुढच्या 1 जूनला ताळेबंद हातात पडेल तेव्हा पश्चिमेच्या आकड्याशेजारी मी पेन्सिलीने एक रकाना आखणार आहे. मथळा ‘चिखल’. भरायला आकडा नसला तरी.