दुधाच्या दातांचा हिशेब

"दुधाचे दात आज ना उद्या पडणारच, त्यांच्यासाठी वेगळा डेंटिस्ट कशाला?" हा प्रश्न मंडळाच्या कार्यक्रमांत इतक्यांदा ऐकला, की एकदा उत्तर लिहूनच काढावे असे वाटले. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. दोन मुलांच्या निमित्ताने चौकशी करून जे कळले, ते सांगतो.

पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांचे असताना पडू लागतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत असतात. किडीमुळे दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते. मग ब्रेसेस, म्हणजे काही हजार डॉलर! शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे येणारी दाढ कायमची असते. एकही दात न पडता ती उगवते, म्हणून पुष्कळ पालक तिलाही दुधाचीच समजतात.

पीडियाट्रिक डेंटिस्ट दंतवैद्यकाच्या पदवीनंतर किमान २ वर्षे केवळ मुलांच्या दातांचे शिक्षण घेतात. पहिला दात आल्यावर, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाला दाखवावे, असे त्यांची अमेरिकन संघटना सांगते. बाळाचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर, पाय आपल्या मांडीवर. तपासणी दोन-चार मिनिटांची. हिरड्यांलगत खडूसारखे पांढरे डाग दिसले तर ती किडीची सुरुवात. या टप्प्यावर ती फ्लोराइडच्या लेपाने थोपवता येते. बग लवकर सापडला तर स्वस्तात सुटतो, हे आमच्या धंद्यातल्यांना सांगायला नको.

डॉक्टर रात्रीच्या बाटलीबद्दलही विचारतात. झोपेत लाळ कमी होते आणि साखर घातलेले दूध दातांवर तसेच राहते. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना हे प्रेमाने समजवावे लागते. (आमच्याकडे दोन आठवडे लागले.)

स्टेट कॉलेजकरांसाठी आणखी एक गोष्ट. इथल्या बरोच्या पाणीपुरवठा संस्थेने २०२३ मध्ये नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालणे थांबवण्याचा निर्णय घेतला. तेव्हा फ्लोराइडची टूथपेस्ट अधिकच महत्त्वाची: तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. थेंब किंवा गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका.

आता पैशाचे. बहुतेक डेंटल इन्शुरन्स वर्षातून दोनदा तपासणी आणि सफाईचा पूर्ण खर्च देतात. क्राउनचा साधारण निम्माच, आणि तोही वार्षिक मर्यादेत. लहान मुलाचे बरेच दात किडले तर भूल देऊन काम करावे लागते. त्या भुलीचा खर्च डेंटल देणार की मेडिकल, हे आधीच लेखी विचारून घ्या. शरद ऋतूत ऑफिसमध्ये प्लॅन निवडताना त्यात मुलांचा डेंटिस्ट आहे का, तेही पाहा. उरलेला खर्च एफएसए किंवा एचएसएच्या करमुक्त पैशांतून भागवता येतो.

"पुण्याला गेल्यावर स्वस्तात करू" हा बेत आपल्या स्वतःच्या क्राउनसाठी ठीक. दुधाच्या दातांचे कवच पातळ असते, कीड झपाट्याने आत जाते. ती डिसेंबरच्या तिकिटासाठी थांबत नाही.