पित्त झालंय म्हणजे नेमके काय झालंय?

आपल्याकडे 'पित्त' हा शब्द मोठा सोयीचा आहे. डोके चढले तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त आणि आंबट पाणी घशाशी आले तरी पित्तच. पाठ्यपुस्तकात मात्र पित्तरस म्हणजे यकृतात तयार होणारा अल्कधर्मी रस. वर्गात हे शिकवून आलेले आपणच शिक्षक-खोलीत "आज फार पित्त झालंय" म्हणत असतो!

घशाशी येते ते बहुतेक वेळा जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल. जठराला आतून चिकट स्रावाचे अस्तर असते, म्हणून ते आम्ल तेथे निमूट राहते. अन्ननलिकेला तसे संरक्षण नाही. दोहोंच्या मध्ये स्नायूंचे एक वलय असते. घास उतरला की ते मिटते आणि ढेकर येताना क्षणभर सैल होते. ते अवेळी, वारंवार सैल पडू लागले की आम्ल वर चढते आणि छातीच्या मधोमध जळजळते. म्हणजे बहुतेकांचे आम्ल वाढलेले नसते, ते भलत्या जागी गेलेले असते.

अर्धी भरलेली, बूच सैल लावलेली बाटली वर्गात आडवी करून दाखवा. जेवल्यावर दोन-तीन तास आडवे का होऊ नये, ते मुलांना लगेच कळेल. रात्री त्रास होणाऱ्यांनी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे ठोकळे ठेवावेत. नुसत्या उशा वाढवल्या तर शरीर कमरेत वाकते आणि पोट उलट दाबले जाते. डाव्या कुशीवर झोपल्याने बरे वाटते. सुटलेले पोट कमी करणे आणि तंबाखू सोडणे हे उपाय कंटाळवाणे खरे, पण कामाचे.

खाण्याच्या सोड्याने आम्ल उदासीन होते, पण कार्बन डायऑक्साइड सुटून पोट फुगते. शिवाय त्यातले सोडियम रक्तदाब असणाऱ्याला घातक.

ओमेप्राझोलसारख्या गोळ्या वेगळ्या. जठराच्या पेशींतले आम्ल बाहेर टाकणारे 'पंप'च त्या बंद करतात. हे पंप जेवणाच्या वेळी जोमाने कामाला लागतात, म्हणून गोळी सहसा जेवणापूर्वी अर्धा तास घ्यायची असते. जळजळ सुरू झाल्यावर तोंडात टाकली तर आराम लगेच मिळत नाही. कुणी सांगितल्यावाचून ती वर्षानुवर्षे घेत राहणे हे तर फारच सर्रास चालते.

डॉक्टरांकडे गेल्यावर "पित्त आहे" एवढेच सांगू नये. जळजळ कुठे होते, जेवणानंतर किती वेळाने, वाकल्यावर वाढते का, रात्री जाग येते का, हे आठवडाभर वहीत टिपून न्यावे. सांधेदुखीसाठी किंवा इतर कशासाठी चालू असलेल्या गोळ्याही दाखवाव्यात. त्यांतल्या काही गोळ्यांनीच हा त्रास वाढतो. घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच यांपैकी काही असेल तर दुर्बिणीच्या तपासणीचा विषय काढायला संकोचू नये. काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर वही भरेपर्यंत थांबूही नये.

छातीत दाब येऊन घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर सोडा-लिंबू करत न बसता थेट रुग्णालय गाठावे. ढेकर येऊन बरे वाटले, म्हणजे हृदय ठीक आहे असे ठरत नाही.

आणि गोळी लिहून मिळालीच, तर निघण्यापूर्वी विचारावे: किती दिवस घ्यायची, आणि बंद करताना एकदम की हळूहळू? दीर्घकाळ घेतलेली गोळी अचानक सोडली की काही दिवस आम्ल जास्तच स्रवते, आणि रोगी "गोळीशिवाय चालतच नाही" असे समजून पुन्हा ती सुरू करतो.